गिरिजाचा प्रश्न

“राणी, तुझ्या आईनं शेंगाचटणी दिलीय आणि कडक भाकरी. भाकरी मोडल्या असतील तर मला बोलू नकोस, रात्रभर उशाशी घेऊन झोपलोय,” असं म्हणत तोडकरीकाका डब्यातून उतरले आणि त्यांनी कापडी पिशवी माझ्या हातात दिली. त्यांच्या मागून गिरिजा उतरली. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती बारावीत होती, दोन वेण्या घालायची. आता बी.एस्सी. झाली होती. खाली उतरल्या उतरल्या ती माझ्या पाया पडायला वाकली. भर गर्दीत, बंगळुरूच्या स्टेशनवर.

“अगं, हे काय!” मी तिला धरून उभं केलं.

“पडू दे,” काका म्हणाले. “गेले आठ दिवस घरात तुझंच नाव चाललंय.”

तोडकरीकाका बार्शीचे, आमच्याच गल्लीतले. त्यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांची प्रगतिपत्रकं असली कामं ते करायचे. मी इंग्लंडला न्यूरोसायन्स शिकायला निघाले तेव्हा गल्लीनं माझा सत्कार केला होता. त्याच्या पत्रिका काकांनी फुकट छापून दिल्या होत्या. ‘मेंदूचा अभ्यास करण्यासाठी परदेशी जाणारी बार्शीची पहिली कन्या.’ त्याला चार वर्षं झाली होती. आता गिरिजालाही तिकडच्याच एका विद्यापीठातून, त्याच विषयासाठी प्रवेशाचं पत्र आलं होतं. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण छापखाना तारण ठेवायला सांगत होती. सही करण्याआधी मला भेटायचं, असं काकांनी ठरवलं आणि बापलेक कुर्डुवाडीहून गाडीत बसले. संध्याकाळच्याच गाडीनं परत जायचं होतं.

आईनं फोनवर बजावलं होतं, “त्यांना तुझी लॅब दाखव गं. काका किती कौतुकानं येतायत.”

“रविवारी बंद असते,” मी म्हणाले होते.

लॅब नव्हतीच. मी एका कंपनीत अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या बिलांवर काम करायचे. डॉक्टरांचा कागद वाचायचा, आजार ओळखायचा आणि त्यासमोर ठरलेला आकडा टाकायचा. दिवसाला एकशे वीस कागद. कुठल्याही शाखेचा पदवीधर ते काम तीन महिन्यांत शिकतो. घरी मी सांगितलं होतं, संशोधन संस्थेत आहे. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वाटलं होतं, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे, तोवर खरंच कुठंतरी लागेन. मग दोन-तीन महिन्यांची दोन-तीन वर्षं झाली.

माझी खोली एका घराच्या गच्चीवर होती. काकांनी चपला बाहेर काढल्या, आत आले आणि भिंतीला टेकून सतरंजीवर बसले. मी आदल्या दिवशी घरमालकिणीकडून दोन ताटं मागून आणली होती, कारण माझ्याकडे ताट एकच होतं. मागायला गेले तेव्हा तिनं हातवारे करून विचारलं, पाहुणे? मी मान हलवली. तिला इतका आनंद झाला की ताटांबरोबर तिनं वाट्या, पेले, झारा, सगळंच दिलं.

“छान आहे हो खोली,” काका म्हणाले. “वारा येतो.”

“ऑफिसला जवळ पडते,” मी म्हणाले. जवळ पडत नव्हती. स्वस्त पडत होती.

गिरिजा माझ्या पुस्तकांपाशी जाऊन उभी राहिली. इंग्लंडहून आणलेली सात पुस्तकं होती. वजन जास्त भरलं म्हणून विमानतळावर मी स्वेटर टाकले होते आणि पुस्तकं ठेवली होती. तिनं एक जाडजूड पुस्तक काढलं, पण उघडलं नाही, नुसतं दोन्ही हातांत धरून राहिली.

मी स्वयंपाकाला लागले तशी ती मदतीला आली. ओट्यापाशी दोघी उभ्या राहिलो की तिसरं माणूस मावणार नाही एवढीच जागा. ती वांगी चिरत होती. मग एकदम हळू आवाजात म्हणाली,

“ताई, तुम्ही जिवंत पेशी बघितलीय?”

“हो.”

“कशी दिसते?”

मी फोडणीसाठी तेल तापत ठेवलं होतं. ते तापून धूर यायला लागला तरी माझ्या ध्यानात आलं नाही. मला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. आईबाबांनी नाही, मुलाखती घेणाऱ्यांनी नाही. ते विचारायचे, अनुभव किती वर्षांचा?

“दिसण्याचं सोड,” मी गॅस बारीक करत म्हणाले. “ऐकू येते.”

“ऐकू?”

“उंदराच्या मेंदूचा पातळ काप काढतात. कागदाहून थोडा जाड. तो खारट पाण्यात ठेवतात, त्यात प्राणवायू सोडतात, मग तो काही तास जिवंत राहतो. काचेची एक सुई असते, डोळ्यांना टोक दिसणार नाही इतकी बारीक. ती सूक्ष्मदर्शकातून बघत हळूहळू आत न्यायची. मशीनला स्पीकर जोडलेला असतो. आधी नुसती खरखर. आणि मग सुई पेशीच्या जवळ पोचली की एकदम तड, तड, तडतड. ज्वारीच्या लाह्या फुटतात ना, तसं. ती पेशी बोलत असते.”

“काय बोलते?”

“ते कुणालाच नीट माहीत नाही. म्हणून तर...” मी थांबले. “मला पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. मी पाच वाजेपर्यंत जागची उठले नाही. जेवण नाही, पाणी नाही. सर येऊन म्हणाले, अगं, घरी जा.”

गिरिजाची सुरी थांबली होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, तीन वर्षांत पहिल्यांदा मी कुणाशी तरी बोलले.

जेवणं झाली. काकांनी हात पुसले, खिशातून एक लग्नपत्रिका काढली आणि तिची कोरी बाजू वर करून मांडीवर ठेवली. त्यावर पेननं आधीच काहीबाही लिहिलेलं होतं.

“आता कामाचं बोलू,” ते म्हणाले. “फी, राहणं, विमान धरून चोवीस लाख. बँक साडेबारा टक्के लावणार. कोर्स होईपर्यंत व्याज चढत राहणार. म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा अठ्ठावीसच्या पुढं गेलेलं असेल. दहा वर्षं, महिन्याला चाळीस-एक्केचाळीस हजार. हे मी बसवलंय. आता दुसरी बाजू तू सांग. शिकून आल्यावर मिळतात किती?”

“ते... ज्याच्या-त्याच्यावर असतं, काका.”

“तुझं सांग की. तुला किती मिळतात?”

गिरिजा भिंतीला टेकून बसली होती, गुडघ्यांना मिठी मारून. ती माझ्याकडे बघत होती. काकाही बघत होते. काका उद्या सकाळी बार्शीत पोचतील आणि परवा माझी आई भाजी आणायला निघेल तेव्हा वाटेत त्यांचा छापखाना लागेल.

“पासष्ट हजार,” मी म्हणाले.

काकांनी मान खाली घातली आणि आकडा लिहिला. नीट, वळणदार. त्याखाली रेघ मारली.

“पासष्ट,” ते गिरिजाला म्हणाले. “म्हणजे हप्ता जाऊन चोवीस उरतात.”

गिरिजाचा चेहरा उजळला. तो तिनं गुडघ्यांत लपवला. मी उठले आणि भांडी घासायला घेतली. नळ जरा मोठाच सोडला.

दुपारभर काका सतरंजीवर आडवे झाले. गिरिजानं मला शंभर प्रश्न विचारले. थंडीत काय घालायचं, जेवायचं कुठं, इंग्रजी समजत नसलं तर काय. मी सगळ्यांची उत्तरं दिली. माझीच उत्तरं मला ऐकू येत होती आणि प्रत्येक उत्तरागणिक छातीवर कुणी वजनाचं माप ठेवत चाललंय असं वाटत होतं.

संध्याकाळी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी लागलेली होती. गिरिजा आत जाऊन खिडकीशी बसली. काका प्लॅटफॉर्मवर पाण्याची बाटली घेत होते. मी त्यांच्याजवळ गेले.

“काका, तो आकडा खोडा.”

ते सुटे पैसे मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“सव्वीस मिळतात मला,” मी म्हणाले. “संशोधन वगैरे काही नाही. बिलं बघते. माझा हप्ता अठ्ठावीसचा आहे, मी तेरा भरते. तिथं थांबून नोकरी शोधायचा जो व्हिसा होता, तो माझा कोर्स संपायच्या आतच बंद झाला. इथं लॅबमध्ये विचारलं तर म्हणतात, पीएच.डी. करा. त्याचं विद्यावेतन मिळतं, पण त्यात हप्ता भागत नाही. आईबाबांना यातलं काही माहीत नाही. तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा. पण गिरिजाला त्या आकड्यावर पाठवू नका.”

काकांनी बाटली काखेत धरली.

“मला माहीत आहे गं,” ते म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“तुझे बाबा दोन वर्षं माझ्याकडे येतायत. प्रुफं वाचायला. सकाळी दहा ते एक. मास्तर माणूस, पत्रिकेतली वेलांटी चुकली तरी झोप येत नाही त्यांना. मी महिन्याला पाच हजार देतो. चार तारखेला ते पाच हजार घेतात आणि तसेच बँकेत जातात. पेन्शनीतले दहा त्यात घालतात. का, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण मी गावातच राहतो, राणी.”

मला आधी काही कळेचना. मग कळलं. कर्जाच्या अर्जावर बाबांचा मोबाइल नंबर होता. हप्ता कमी पडला की मेसेज त्यांना जात असणार, पहिल्या महिन्यापासून. मी दर महिन्याला तेरा हजार पाठवायचे आणि नोटिशीची वाट बघायचे. नोटीस आली नाही म्हणून मनाला सांगायचे, बँकेचं काम असंच ढिसाळ असतं. खात्याचा उतारा उघडून बघण्याची हिंमत कधी झाली नाही. आणि दर रविवारी फोनवर बाबा विचारायचे, “काम कसं चाललंय?” मी म्हणायचे, “छान.” ते म्हणायचे, “छान.”

“मग तुम्ही आलात कशाला?” माझा आवाज चढला. शेजारचा हमाल वळून बघायला लागला.

“तिच्यासाठी,” काकांनी मानेनं खिडकी दाखवली. “मी सांगून बघितलं. तिला वाटतं, बाप पैशाला भितोय. म्हणाली, राणीताईंनी नको म्हटलं तर नाही जाणार, दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही. दुपारी तू पासष्ट म्हणालीस तेव्हा मी लिहून घेतलं. राग नाही आला. मला वाटलं, एवढ्या लांब एवढं ओझं घेऊन पोरगी एकटी कशी राहत असेल.” त्यांनी सुटे पैसे खिशात टाकले. “पण हे आता तू मला सांगून उपयोग नाही. तिला सांग.”

इंजिनानं भोंगा दिला. मी खिडकीपाशी गेले. गिरिजानं गजांतून हात बाहेर काढला आणि माझा हात धरला.

“ताई, तो आवाज मी ऐकणार बघा.”

“गिरिजा, मी खोटं बोलले,” मी म्हणाले. “पासष्ट नाही, सव्वीस हजार.” आणि बाकीचंही सांगितलं, भराभर, जसं सुचेल तसं. बिलं, हप्ता, बाबांची पेन्शन, जे मलाच पाच मिनिटांपूर्वी कळलं होतं. तिचा हात माझ्या हातात तसाच होता, पण हळूहळू त्यातला जोर गेला.

“तुम्ही संशोधन करत नाही?”

“नाही.”

“म्हणजे तिकडून आल्यापासून एकदाही...?”

“एकदाही नाही.”

काका तोवर आत जाऊन तिच्या शेजारी बसले होते. गाडी हलायला आली होती. गिरिजानं खिडकीच्या गजावर कपाळ टेकलं आणि विचारलं,

“हे सगळं आधी माहीत असतं, तर तुम्ही गेला नसता?”

मी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यामागे काकांकडे पाहिलं. ते खाली, स्वतःच्या हातांकडे बघत होते. बोटांच्या पेरांत शाईची निळी रेघ होती, कधीच न जाणारी.

“नसते गेले,” मी म्हणाले.

गाडी सुटली.

स्टेशनबाहेर आईचा फोन आला. “बसले का गं गाडीत? जेवले नीट?” मी म्हणाले, “बसले.” तिच्या मागं बाबा खोकलेले ऐकू आले. “बाबांना दे,” मी म्हणाले. बाबा आले. मला विचारायचं होतं ते काही विचारता आलं नाही. मी म्हणाले, “बाबा, चार तारखेला यापुढं बँकेत जाऊ नका. मी बघते.” ते पुन्हा खोकले. मग ते म्हणाले, “तू किती बघशील? मिळून बघू.” आणि नंतर, “छापखान्यात मात्र जाणार हां मी. दुसऱ्याच्या चुका काढायला मजा येते.”

मी रस्त्यात उभी राहून रडले. आजूबाजूला सगळे कानडी बोलत होते. कुणी थांबलं नाही, ते बरंच झालं.

पुढं मी त्याच कंपनीत राहिले. सव्विसाचे पस्तीस झाले, मग पन्नास. कर्ज दोन हजार तेवीसच्या मार्चमध्ये फिटलं. बाबांनी तारण ठेवलेले घराचे कागद बँकेतून सोडवून आणले आणि मला फोन करून सांगितलं, त्या दिवशी आईनं शिरा केला. मी लग्न केलं नाही. आधी कर्ज सांगायची लाज वाटायची, नंतर तो विषयच मागं पडला. घरमालकीण आता म्हातारी झालीय. तिच्याकडून कानडी शिकले. रविवारी तिच्याकडे जेवते.

गिरिजा गेली नाही. सोलापुरात एम.एस्सी. केलं, बी.एड. केलं आणि बार्शीतच ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. नवरा तिथल्याच पतसंस्थेत आहे. छापखान्यात नवं रंगीत मशीन आलंय. हे सगळं मला आईकडून कळायचं. तिची-माझी गाठ पडली नव्हती. कधी मी सुट्टीला जायचे तेव्हा ती माहेरी नसायची, कधी ती असायची तेव्हा मीच बाहेर पडायचे नाही.

मागच्या मे महिन्यात मी गेले तेव्हा ती आपणहून घरी आली. हातात तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता, तो तिनं कट्ट्यावर ठेवला. जरा जाड झाली होती. चष्मा लागला होता. आईनं चहा दिला. पोर्शन, परीक्षा, पाण्याची टंचाई अशा गोष्टी झाल्या. आई आत गेल्यावर ती म्हणाली,

“ताई, माझ्याबरोबर बी.एस्सी.ला होती ती एकजण गेली होती तिकडं. दुसऱ्या विषयाला. तिच्या वडिलांनी घर विकलं. मी बाबांना सारखी म्हणते, राणीताई खरं बोलल्या म्हणून आपलं टिकलं.”

“तसं काही नाही गं.”

“नाही, आहे.” तिनं कप खाली ठेवला. थोडा वेळ ती बोटानं बशीची कड पुसत राहिली. “एक विचारू? खूप वर्षं विचारायचं होतं. त्या दिवशी खिडकीत तुम्ही म्हणालात, नसते गेले. ते, माझे बाबा शेजारी बसले होते म्हणून तर म्हणाला नव्हतात ना?”

तिनं हे हसत विचारलं. पण डोळे हसत नव्हते. दहा वर्षं तो प्रश्न तिनं वर्गात नेला असेल, घरी आणला असेल, रात्री उशाशी ठेवला असेल.

खरं उत्तर मला गाडी सुटली तेव्हाच ठाऊक होतं. गेले असते. सव्वीस हजार माहीत असूनही, ती गच्चीवरची खोली, ते बिलांचे कागद, बाबांची पेन्शन, सगळं सगळं आधी कुणी लिहून दिलं असतं तरी गेले असते. आजही कुणी तिकीट हातात ठेवलं तर जाईन. तिकडच्या त्या एका वर्षाइतकं माझं असं दुसरं काहीच नाही. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, आणि ज्या एका माणसाला ते कळलं असतं ती समोर बसली होती.

“नाही गं,” मी म्हणाले. “खरंच नसते गेले.”

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग तिचे खांदे सैल झाले.

“मग बरं,” ती म्हणाली. पेपरांचा गठ्ठा उचलून तिनं छातीशी धरला आणि उन्हात उतरली. वळणापर्यंत मी तिला बघत राहिले.